स्मायलोडॉनची कवटी कशी वाचावी

स्मायलोडॉन या लांब सुळ्यांच्या नामशेष मार्जाराच्या कवटीसमोर उभे राहिले की पाहणाऱ्याची नजर आधी सुळ्यांवर जाते आणि तिथेच अडकून बसते. छायाचित्र काढले जाते, मुलांना सुळे दाखवले जातात आणि मंडळी पुढच्या दालनाकडे निघतात. खरे तर त्या कवटीत सुळ्यांखेरीज निदान चार-पाच गोष्टी अशा असतात, की त्या समजल्याशिवाय सुळ्यांचा अर्थच लागत नाही. म्हणून या लेखात सांगितलेली रीत थोडी उलटी आहे. ती मागून पुढे जाते, म्हणजे मानेपासून सुरुवात करून जबड्याच्या बिजागरीपर्यंत, तिथून पटाशीच्या दातांपर्यंत आणि सर्वांत शेवटी सुळ्यांपर्यंत पोहोचते. अस्सल कवटी, तिचा साचा (म्हणजे साच्यात ओतून काढलेली नक्कल) किंवा संगणकाच्या पडद्यावर फिरवता येणारी त्रिमितीय प्रतिकृती, यांपैकी काहीही समोर असले तरी ही रीत वापरता येते.

सुरुवातीला नावाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडच्या बातम्यांत या प्राण्याला सर्रास ‘सेबर-टूथ टायगर’ किंवा ‘तलवारदाती वाघ’ म्हटले जाते, पण तो वाघ नव्हता. प्राचीन जनुकांच्या अभ्यासावरून असे दिसते, की खड्गदंती मार्जारांची शाखा आजच्या सर्व मार्जारांच्या पूर्वजांपासून सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. घरातली मनी आणि ताडोबातला वाघ ही एकमेकांची जितकी जवळची भावंडे आहेत, तितका जवळचा स्मायलोडॉन त्या दोघांपैकी कोणालाच नाही. तेव्हा वहीत नोंद करताना ‘वाघ’ हा शब्द टाळून ‘खड्गदंती मार्जार’ किंवा सरळ ‘स्मायलोडॉन’ असे लिहावे. हे नाव पीटर विल्हेल्म लुंड या डॅनिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये दिले. ब्राझीलमधील मिनास जेराइस प्रांतातल्या लागोआ सान्ता या गावाभोवतीच्या चुनखडीच्या गुहांत त्याला ही हाडे सापडली होती. नावात शल्यक्रियेचा चाकू आणि दात या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडलेले आहेत. गमतीची गोष्ट अशी, की त्याआधी, १८३९ मध्ये, मोजके दात हाती असताना लुंडने हाच प्राणी तरस म्हणून नोंदवला होता. ज्याच्यापाशी आज आपल्याला सुळ्यांशिवाय काही सुचत नाही, तो प्राणी पहिल्यांदा ओळखण्याचा प्रयत्न झाला तेव्हा त्या सुळ्यांचा काही उपयोग झाला नव्हता.

तयारी फार लागत नाही. एक वही, ३० सेंटिमीटरची फूटपट्टी, एक कोनमापक आणि वाघाच्या किंवा सिंहाच्या कवटीचे बाजूने घेतलेले एक स्वच्छ छायाचित्र जवळ असावे. यांपैकी छायाचित्र सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण एकटी कवटी फारसे काही सांगत नाही. ती दुसऱ्या कवटीशेजारी ठेवली, की मगच वेगळेपण दिसू लागते.

पाटी वाचताना दोन गोष्टी शोधाव्यात. एक म्हणजे समोरची वस्तू अस्सल आहे की साचा, आणि दुसरी म्हणजे प्रजाती कोणती. स्मायलोडॉनच्या तीन प्रजाती मानल्या जातात. ग्रॅसिलिस ही सर्वांत जुनी आणि लहान प्रजाती होती व तिचे वजन साधारण ५५ ते १०० किलो असावे. उत्तर अमेरिकेत मुख्यतः आढळणारी फेटॅलिस १६० ते २८० किलोंची होती, तर दक्षिण अमेरिकेतली पॉप्युलेटर २२० पासून ४०० किलोंपर्यंत जाई. जगभरच्या दालनांत दिसणाऱ्या बहुसंख्य कवट्या फेटॅलिसच्या असतात आणि त्यांचे मूळ लॉस एंजेलिसमधल्या ला ब्रेआ येथील डांबरी डबक्यांत असते. तिथली अस्सल हाडे गडद तपकिरी, जवळजवळ काळपट दिसतात, कारण ती दगड झालेली नसून मूळ हाडातच डांबर मुरलेले असते. पांढुरकी किंवा राखाडी कवटी दिसली आणि पाटीवर ला ब्रेआचे नाव असले, तर तो साचा असण्याची शक्यता धरून चालावे. साचा असला म्हणून निराश होण्याचे कारण नाही, कारण आकार वाचण्यासाठी चांगला साचा अस्सल कवटीइतकाच उपयोगी पडतो.

मागच्या बाजूने सुरुवात

आता कवटीच्या बाजूला उभे राहून सुळ्यांचा भाग हाताने झाकावा, म्हणजे नजर आपोआप मागे सरकेल. कानाच्या छिद्रामागे खाली उतरणारा एक जाड उंचवटा दिसतो. तो नेमका काय आहे हे समजण्यासाठी स्वतःच्या कानाच्या पाळीमागे बोट ठेवावे. तिथे जे टणक हाड लागते, तेच हे हाड होय. बोट तिथे ठेवूनच मान एका बाजूला वळवली, तर त्या हाडाला जोडलेला स्नायू ताणल्याचे जाणवते. स्मायलोडॉनमध्ये हा उंचवटा सिंहाच्या मानाने खूप मोठा असून पुढे आणि खाली झुकलेला आहे. हाडाचा उंचवटा मोठा असणे म्हणजे त्याला धरून ओढणारा स्नायू मोठा असणे, हा हाडे वाचण्याचा पहिला नियम आहे. या जागेवरून निघणारे स्नायू डोके खाली ओढतात. म्हणजेच या प्राण्याच्या मानेत डोके जोराने खाली खेचण्याची ताकद होती, आणि मानेचे मणके पाहिले तर ते लांब आणि भक्कम असल्याचे लगेच ध्यानात येते.

वहीत इतकेच लिहून पुढे जावे, कारण या ताकदीची गरज काय होती याचे उत्तर जबड्यात आहे.

खालच्या जबड्याच्या मागच्या टोकाला एक चपटा भाग पंख्यासारखा वर उभा असतो. चावण्याचा मुख्य स्नायू कानशिलापासून उतरून याच भागाला धरतो. आपणही दात घट्ट आवळले की कानशिलावर तो स्नायू फुगलेला हाताला लागतो. सिंहाच्या छायाचित्रात हा पंखा उंच आणि रुंद दिसेल, तर स्मायलोडॉनमध्ये तो आखूड आणि खुजा दिसेल. हा फरक पाहणे ही या साऱ्या वाचनातली कळीची पायरी आहे, म्हणून इथे घाई करू नये.

पंखा आखूड का, हे समजण्यासाठी कागदावर एक प्रयोग करता येतो. एका बिंदूपासून, म्हणजे जबड्याच्या बिजागरीपासून, १५ सेंटिमीटरची एक आडवी रेघ ओढावी. हा झाला वरचा जबडा. तिच्या पुढच्या टोकापासून काटकोनात खाली ४ सेंटिमीटरची रेघ ओढून ती सिंहाचा सुळा समजावी. आता बिजागरीपासूनच ६५ अंशांचा कोन करून १५ सेंटिमीटरचा खालचा जबडा काढावा, कारण सिंह तोंड साधारण इतकेच उघडू शकतो. सुळ्याच्या टोकापासून खालच्या जबड्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजले तर ते सुमारे १३ सेंटिमीटर भरते. दुसऱ्या कागदावर सर्व काही तसेच ठेवून सुळा मात्र १० सेंटिमीटरचा काढावा. तेच अंतर आता अवघे ९ सेंटिमीटरच्या आसपास उरते. सुळा जितका लांब, तितकी शिकारीचा गळा तोंडात घेण्याची जागा कमी. मग कोन वाढवत १२० अंशांपर्यंत न्यावा आणि पुन्हा मोजावे, म्हणजे अंतर २३ सेंटिमीटरच्या जवळ जाते. ही मापे समजुतीसाठी घेतली आहेत, प्रत्यक्ष कवटीची नाहीत. तरीही स्मायलोडॉनचा जबडा ११० ते १२० अंशांपर्यंत उघडत असावा असे जे अनुमान संशोधक करतात, त्यामागचे गणित याच जातीचे आहे.

तोंड इतके उघडायचे तर चावण्याच्या स्नायूला पुष्कळ ताणले जावे लागते आणि उंच पंखा असला तर तो ताण सोसवत नाही. म्हणून पंखा आखूड झाला. पण आखूड पंखा म्हणजे आखूड तरफ, आणि आखूड तरफ म्हणजे कमी जोर. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी स्मायलोडॉन फेटॅलिस आणि सिंह यांच्या कवट्यांची संगणकावर प्रतिरूपे तयार करून त्यांवरील ताण तपासला, तेव्हा स्मायलोडॉनच्या चाव्याचा जोर सिंहाच्या सुमारे एक तृतीयांश निघाला. ज्याच्या सुळ्यांची दहशत आपण गृहीत धरलेली असते, त्याचा चावा सिंहापेक्षा कितीतरी दुबळा होता, हे वाचून अनेकांना चुकल्यासारखे वाटते. इथेच मागे वहीत लिहिलेली मानेची नोंद उपयोगी पडते. जीवाश्मतज्ज्ञ विल्यम ॲकर्स्टन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या कल्पनेप्रमाणे हा प्राणी जबड्याच्या जोरावर चावत नसे. खालचा जबडा शिकारीच्या अंगावर टेकवून तो आधारासारखा वापरत असे आणि मानेचे स्नायू डोके खाली ओढून सुळे मांसात घुसवत असत. नेमका घाव गळ्यावर की पोटावर, याबाबत मतभेद झाले आहेत. हाडांकडे पाहता मला गळ्याचे पारडे जड वाटते, कारण मोठ्या जनावराच्या फुगीर, ताणलेल्या पोटाची घडी तोंडात धरणे १२० अंशांतही सोपे नाही.

आता समोरून पाहावे. सिंहाचे पटाशीचे दात दोन सुळ्यांच्या मध्ये जवळजवळ सरळ रेषेत बसलेले असतात. स्मायलोडॉनमध्ये ते पुढे आलेले असून कमानीत मांडलेले दिसतात. लांब सुळ्यांच्या मागे दडलेले दात मांस ओरबाडायला निरुपयोगी ठरले असते, म्हणून ते पुढे सरकले. खालचे सुळे इतके लहान आहेत, की पहिल्यांदा पाहणारा त्यांनाही पटाशीच्या दातांतच मोजतो. गालाच्या बाजूला मांस कातरणाऱ्या मोठ्या दाढा दिसतात व त्या पात्यासारख्या लांब आणि धारदार आहेत. त्यांच्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही, कारण हाडे फोडणे हे या प्राण्याचे काम नव्हते एवढे त्यांवरून कळते आणि ते पुरेसे आहे.

सुळ्यांवरचा हात आता काढावा

सुळा आधी बाजूने पाहावा आणि मग खाली वाकून टोकाच्या दिशेने पाहावा, कारण खरी गोष्ट दुसऱ्या दृष्टीतच कळते. बाजूने रुंद आणि भारदस्त दिसणारा सुळा खालून पाहिला तर दोन्ही बाजूंनी दाबलेला, लंबगोल छेदाचा दिसतो. सिंहाचा किंवा वाघाचा सुळा जवळजवळ गोल छेदाचा असतो आणि त्यामुळे कोणत्याही दिशेने झटका बसला तरी तो सहन करतो. स्मायलोडॉनचा सुळा पुढे-मागे बळकट आणि आडव्या दिशेने कमजोर आहे. घरातली भाजीची पातळ सुरी मनात आणावी. ती धारेच्या दिशेने सरळ दाबली तर भोपळाही कापते, पण भोपळ्यात अडकल्यावर बाजूला पिरगाळली तर मोडते.

लांबी मोजताना एक खबरदारी घ्यावी. पॉप्युलेटरच्या सुळ्याची जी २८ सेंटिमीटरची लांबी सांगितली जाते, ती मुळासह आहे, म्हणजे जवळजवळ आपली सबंध फूटपट्टी. फेटॅलिसमध्ये हीच लांबी सुमारे १८ सेंटिमीटर असते. यांतला मोठा भाग कवटीच्या हाडात रुतलेला असतो आणि बाहेर दिसतो तो उरलेला. जीवाश्मांत पुष्कळदा सुळे खोबणीतून खाली घसरलेले असतात आणि त्यावरून केलेल्या साच्यांत किंवा चित्रांत ते अतोनात लांब दिसतात. सुळा खरा बसलेला आहे की घसरलेला, हे ओळखण्यासाठी हिरडीची रेषा जिथे असायला हवी तिथे पाहावे. चकचकीत आवरणाचा भाग संपून मुळाचा खरखरीत भाग हाडाच्या काठापासून बराच बाहेर दिसत असेल, तर सुळा घसरला आहे असे समजावे आणि लांबीची नोंद त्यानुसार कमी करावी. सुळ्याच्या कडेला अगदी बारीक दाते असतात, पण काचेबाहेरून ते सहसा दिसत नाहीत.

हे सुळे यायला वेळ लागे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार फेटॅलिसचा कायमचा सुळा महिन्याला सुमारे ६ मिलिमीटर वाढे आणि पूर्ण वाढायला जनावराचे वय तीन वर्षांच्या आसपास यावे लागे. मधले सुमारे ११ महिने दुधाचा सुळा आणि नवा सुळा शेजारीशेजारी असत. त्यामुळे एका बाजूला दोन सुळे असलेला जबडा दिसला, तर तो दोष किंवा बनावट समजू नये. तो वाढत्या वयाच्या जनावराचा आहे.

विक्रीस असलेल्या सुळ्यांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, इंटरनेटवर स्वस्तात मिळणारा ‘स्मायलोडॉनचा सुळा’ हा राळेचा साचा असतो. दोन अर्धे जोडल्याची बारीक रेघ आणि पृष्ठभागावरचे बुडबुड्यांचे खड्डे भिंगातून दिसतात. साचा म्हणून तो जरूर घ्यावा, मात्र अस्सल म्हणून घेऊ नये.

सांगाडा उभा असेल तर

नुसती कवटी न ठेवता पूर्ण सांगाडा उभा केलेला असेल, तर वाचन बरेच पुढे नेता येते. आडव्या झटक्याने मोडणारा सुळा वापरायचा असेल, तर शिकार आधी निश्चल करायला हवी. हे काम कोण करत होते, याचे उत्तर पुढच्या पायांत सापडते. दंडाचे हाड पाहावे. ते सिंहाच्या त्याच हाडाच्या मानाने जाड आणि आखूड वाटते. २०१० मध्ये क्ष-किरणांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले, की या हाडाची भिंतसुद्धा आजच्या मोठ्या मार्जारांपेक्षा जाड होती, म्हणजे ते वाकवणाऱ्या जोराला तोंड देण्यासाठी घडलेले होते. कंबरेचा भाग आखूड आहे आणि शेपटी तर अगदीच तोकडी आहे. लांब पाठलाग करणाऱ्या प्राण्याची ही अंगकाठी नव्हे. दबा धरून, जवळून झडप घालून, पुढच्या पायांनी बैलासारखे जनावर जमिनीवर दाबून धरणारा असा हा प्राणी होता. चित्त्याशी त्याची तुलना करणाऱ्यांनी एकदा त्याची शेपटी पाहावी.

हाडांवरच्या जखमाही वाचता येतात. हाड मोडून पुन्हा जुळलेले असेल तर तिथे गाठीसारखा फुगवटा दिसतो आणि स्नायू वारंवार ताणला गेला असेल तर त्याच्या जोडणीच्या जागी खडबडीत वाढ दिसते. ला ब्रेआच्या हाडांचा २०१७ मध्ये मोठ्या प्रमाणावर अभ्यास झाला, तेव्हा स्मायलोडॉनच्या दुखापती मुख्यतः खांद्याच्या आणि कंबरेच्या भागात एकवटलेल्या आढळल्या, तर त्याच डबक्यांतल्या ‘भीषण लांडगा’ (डायर वुल्फ) या नामशेष प्राण्याच्या दुखापती मान, डोके आणि पायांच्या टोकांकडे अधिक होत्या. लांडगा धावत पाठलाग करून चावत असे आणि त्याला लाथा बसत. स्मायलोडॉन कुस्ती करत असे आणि त्याच्या खांद्यावर व कंबरेवर ताण येई. मल्लांच्या दुखण्यांची यादी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

याच डबक्यांतून शंभर वर्षांपूर्वी निघालेल्या एका नितंबाच्या हाडाची २०२१ मध्ये पुन्हा तपासणी झाली. त्या जनावराच्या नितंबाचा सांधा जन्मापासून किंवा अगदी लहानपणापासून नीट घडलेला नव्हता, तरीही ते पूर्ण वाढीच्या वयापर्यंत जगले होते. लंगडे पिल्लू एकटे जगू शकत नाही, म्हणून स्मायलोडॉन कळपात राहत असावा असा तर्क यावरून केला जातो. तर्क आकर्षक आहे, पण वाचकाने तो ‘असावा’ याच क्रियापदासह वहीत उतरवावा. कळप हाडांत दिसत नाही, हाडांत दिसते ती फक्त एका प्राण्याची तग धरण्याची क्षमता.

ला ब्रेआतून २,००० हून अधिक स्मायलोडॉन निघाले असे वाचल्यावर ते मोजले कसे, असा प्रश्न पडायला हवा, कारण डांबरात पूर्ण सांगाडे जुळलेल्या स्थितीत मिळत नाहीत. सारी हाडे एकमेकांत मिसळलेली असतात. अशा ढिगातून प्राण्यांची संख्या काढण्याची रूढ रीत अशी, की शरीरात एकदाच येणारे एखादे हाड निवडावे, उदाहरणार्थ डाव्या दंडाचे, आणि फक्त तेच मोजावे. शंभर डाव्या दंडांची हाडे मिळाली, तर प्राणी किमान शंभर होते. ही संख्या नेहमी किमान असते. इतके शिकारी एका जागी का जमले, याचे उत्तरही त्या डांबरातच आहे. एखादा बायसन किंवा घोडा चिकट डांबरात रुतला की त्याच्या धडपडीने शिकारी येत आणि तेही रुतत. म्हणूनच तिथे सापडलेल्या सस्तन प्राण्यांत शाकाहाऱ्यांपेक्षा मांसाहारी कितीतरी अधिक आहेत. कोणत्याही जिवंत जंगलात हे प्रमाण उलटे असते, त्यामुळे ला ब्रेआच्या आकड्यांवरून त्या काळच्या कॅलिफोर्नियात जिकडेतिकडे स्मायलोडॉन फिरत होते असा निष्कर्ष काढू नये. तिथून ते सुमारे १३,००० वर्षांपूर्वी नाहीसे झाले आणि दक्षिण अमेरिकेत त्यानंतर काही काळ टिकले.

तोतयांची ओळख

लांब सुळे दिसले की स्मायलोडॉन, असा निर्णय घाईने देऊ नये. लांब सुळे निसर्गात अनेकदा, एकमेकांशी दूरचेच नाते असलेल्या प्राण्यांत स्वतंत्रपणे निर्माण झाले आहेत. दक्षिण अमेरिकेतला थायलॅकोस्मायलस हा त्यांतला सर्वांत फसवा आहे, कारण तो मार्जारच नव्हे. तो पिशवीधारी प्राण्यांच्या नात्यातला होता. त्याला ओळखणे मात्र सोपे आहे. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातून दोन्ही बाजूंना हाडाच्या म्यानासारखे लांब पाखे खाली उतरतात आणि सुळ्यांची मुळे कमानीसारखी मागे वळून डोळ्यांच्या वरपर्यंत गेलेली असतात. त्याचे सुळे आयुष्यभर वाढत राहत. स्मायलोडॉनच्या हनुवटीला असे म्यान जवळजवळ नसतेच. उत्तर अमेरिकेतल्या साउथ डकोटाच्या खडकांतून मिळणारा होप्लोफोनियस हा मार्जारासारखा दिसणारा, पण वेगळ्या कुळातला प्राणी असून तो स्मायलोडॉनपेक्षा कोट्यवधी वर्षे जुना आहे. पाटीवर तीन कोटी वर्षांच्या आसपासचा काळ दिला असेल, तर तो स्मायलोडॉन नाही एवढे तरी खात्रीने म्हणता येते, कारण स्मायलोडॉनचा इतिहास सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी सुरू होतो.

खऱ्या खड्गदंती मार्जारांत स्मायलोडॉनशी गोंधळ होतो तो होमोथेरियमचा. त्याचे सुळे तुलनेने आखूड, जास्त चपटे आणि कडांना ठसठशीत दाते असलेले असतात. पुढचे पाय लांब आणि सडपातळ असल्याने पाठ मागे उतरती दिसते. तो आशिया, युरोप, आफ्रिका आणि अमेरिका अशा सर्व खंडांत होता, तर स्मायलोडॉन फक्त अमेरिकेच्या दोन खंडांपुरता मर्यादित राहिला. त्यामुळे भारतातल्या एखाद्या दालनात किंवा उद्यानात खड्गदंती मार्जार दिसले आणि त्याखाली स्मायलोडॉन असे लिहिले असेल, तर ते भारतातले नव्हे. आपल्याकडचे खड्गदंती शिवालिकच्या टेकड्यांतले आहेत. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक ह्यू फॉल्कनर आणि कालव्यांचे अभियंते प्रॉबी कॉटली यांनी १८३० च्या दशकात तिथून जीवाश्मांचा मोठा साठा गोळा केला आणि त्या कामासाठी दोघांना १८३७ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीचे वोलास्टन पदक मिळाले. शिवालिकच्या मेगँटेरिऑन फॉल्कनेरी या प्रजातीच्या नावात फॉल्कनर आजही आहेत. मेगँटेरिऑन हा आकाराने लहान, लांब सुळ्यांचा आणि हनुवटीला ठळक पाखे असलेला प्राणी होता आणि त्याच्याच वंशातून पुढे अमेरिकेत स्मायलोडॉन आला असे बहुतेक संशोधक मानतात. हिमाचल प्रदेशातल्या सिरमौर जिल्ह्यात सुकेती येथील जीवाश्म उद्यानात शिवालिकच्या प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे उभे केलेले आहेत व त्यांत खड्गदंती मार्जारही आहे. तो पाहताना हनुवटीपासून सुरुवात करणे सोयीचे जाते.

चित्रे पाहताना

कवटी वाचून झाल्यावर शेजारच्या भिंतीवरचे रंगीत चित्र तपासावे. अंगावरचे ठिपके, पट्टे किंवा पिवळा रंग हा चित्रकाराचा अंदाज असतो, कारण स्मायलोडॉनची कातडी कोठेही मिळालेली नाही. ताठ, लांब शेपटी, सिंहासारखी आयाळ किंवा आखूड मान दिसली, तर ते चित्र सांगाड्याशी जुळत नाही. तोंड मिटलेले असताना सुळे बाहेर दिसावेत की ओठांत झाकलेले असावेत, हा प्रश्न होमोथेरियमच्या बाबतीत चर्चेत आहे आणि तिथे ओठांनी झाकलेल्या सुळ्यांच्या बाजूने चांगले पुरावे मांडले गेले आहेत. स्मायलोडॉनचे सुळे मात्र बाहेर दिसत असावेत.

कातडीचा प्रत्यक्ष पुरावा फक्त होमोथेरियमचा आहे. सायबेरियातल्या याकुतियात, बाद्यारिखा नदीकाठच्या गोठलेल्या मातीत २०२० मध्ये त्याच्या पिल्लाचे मृत शरीर सापडले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. ते ३५,००० वर्षांहून जुने आहे आणि मेले तेव्हा पिल्लू अवघे तीन आठवड्यांचे होते. त्याच्या अंगावर दाट, गडद तपकिरी केस आहेत, कान लहान आहेत आणि पंजे रुंद आहेत. त्याच्या तोंडात मोठे सुळे यायला अजून कितीतरी महिने बाकी होते. पण संशोधकांनी त्याची तुलना साधारण त्याच वयाच्या सिंहाच्या छाव्याशी केली, तेव्हा त्या पिल्लाची मान छाव्याच्या मानेच्या दुपटीहून जाड भरली.